काळीज उचलून धरणारे हात

मराठीत ‘काळीज’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. आई लेकराला काळजाचा तुकडा म्हणते, भीतीने काळजाचे पाणी होते, एखाद्याचे बोलणे काळजाला घरे पाडते. या सगळ्या ठिकाणी आपल्या मनात असते ते हृदय. पण खाटकाच्या दुकानात जाऊन काळीज मागितले, तर तो हृदय देत नाही, यकृत देतो. या लेखात काळीज म्हणजे हे दुसरे, खाटकाचे काळीज.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत यकृताची कथा कशाला, असे कुणी विचारील. लंबोदराचे पोट लंबोदराला शोभते; आपल्याला ते सोसत नाही, हे आता घरोघर कळू लागले आहे. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत पुरणपोळीही आहे आणि पोहे-जिलेबीही, श्रीखंडही आहे आणि सराफ्यातला रात्रीचा फेराही. ‘बॅरिआट्रिक’ हा शब्द वीस वर्षांपूर्वी फक्त डॉक्टरांच्या तोंडी होता. आज नात्यागोत्यात कुणी ना कुणी लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया करून घेतलेली असते, किंवा तिचा सल्ला मिळून विचारात पडलेली असते. जठर कापले, टाके घातले, आतडे जोडले, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण हे सगळे चालू असताना वर पसरलेले यकृत कोण आणि कशाने उचलून धरते, हे सहसा कुणी विचारत नाही. त्या उचलून धरण्याला मोठा इतिहास आहे, आणि शस्त्रक्रियेआधीच्या ज्या पंधरा दिवसांच्या पथ्याने घरात भांडणे होतात, त्याचे मूळही तिथेच आहे.

वरच्या मजल्यावरचे छप्पर

यकृत उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड, श्वासपटलाच्या खाली असते. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण दीड किलो. त्याचा उजवा भाग भरदार, तर डावा भाग निमुळता होत जाऊन जठराच्या वरच्या टोकावर पडवीच्या छपरासारखा उतरतो. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, ती जागा नेमकी या छपराखाली येते. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियांत, मग जठराची अरुंद नळी करायची असो की जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला जोडायचा असो, सर्जनचे सर्वांत नाजूक काम तिथेच असते. छप्पर उचलल्याशिवाय आतले दिसत नाही.

कृश माणसात हे छप्पर पातळ असते. ज्याला शस्त्रक्रियेची गरज आहे त्याच्या यकृतात मात्र बहुधा चरबी साठलेली असते. असे यकृत पिवळसर, जड, कडा गोल झालेले आणि ठिसूळ होते. खरवसाची वडी सुरीच्या पात्यावर उचलताना जशी मधूनच तडकते, तसा त्याचा स्वभाव. जास्त दाबले तर फाटते, आणि फाटलेल्या यकृतातून वाहणारे रक्त सहज थांबत नाही.

सहायकाची शिक्षा

सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे सांगितली आहेत आणि त्या सर्वांत मुख्य यंत्र हात हेच मानले आहे. उघड्या शस्त्रक्रियेच्या काळात यकृताच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते. पोट मोठे उघडायचे, काही सर्जन यकृताच्या डाव्या टोकाला श्वासपटलाशी बांधणारा पडदा कापून ते टोक उजवीकडे दुमडायचे, त्यावर ओले फडके ठेवायचे, आणि मग रुंद, वाकवलेली पोलादी पट्टी घालून ते दूर धरायचे. फिलाडेल्फियाचे सर्जन जॉन डीव्हर यांच्या नावाची अशी पट्टी आजही शस्त्रक्रियागृहांत आहे. पण पट्टी स्वतःहून उभी राहत नाही. ती धरायला लागतो नवशिका डॉक्टर. शस्त्रक्रियेतले काही दिसत नाही, हात बधिर होतो, आणि हात जरा ढिला पडला की सर्जनची बोलणी खावी लागतात. सर्जन झालेल्या जुन्या पिढीतल्या कुणालाही विचारा, त्याची सुरुवात अशी पट्टी धरण्यातच झालेली असते. पुढे टेबलाला पक्क्या बसणाऱ्या पोलादी चौकटी आल्या आणि या हातांची काही प्रमाणात सुटका झाली.

मेणबत्तीपासून कॅमेऱ्यापर्यंत

पोट न फाडता आत पाहण्याची ओढ जुनी आहे. फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी या तरुण डॉक्टरने १८०६ च्या सुमारास मेणबत्तीच्या उजेडावर चालणारे ‘प्रकाशवाहक’ यंत्र तयार केले. ते फारसे रुजले नाही, आणि १८०९ मध्ये, पस्तिशीच्या आतबाहेर, टायफसने तो गेला. १८७० च्या दशकाच्या अखेरीस माक्सिमिलियान निट्झे यांनी मूत्राशयात पाहण्याची दुर्बीण काढली. १९०१ मध्ये ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंग यांनी हॅम्बुर्गच्या एका सभेत कुत्र्याच्या पोटात हवा भरून अशाच दुर्बिणीने आतले अवयव पाहून दाखवले. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्टियान याकोबेयस यांनी माणसांवरच्या अशा तपासण्या प्रसिद्ध केल्या. पुढची गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. १९२९ पासून जर्मनीच्या हाइन्झ काल्क यांनी तिरके पाहणारी भिंग-रचना वापरून ही तपासणी नीट बसवली, आणि ती मुख्यतः यकृताच्या आजारांसाठी. म्हणजे दुर्बिणीतून पोटात डोकावणाऱ्यांना आधी यकृतच पाहायचे होते. अर्ध्या शतकानंतर तेच यकृत वाटेतली अडचण ठरणार होते.

तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंतचे पाऊल सर्जनांनी नव्हे, तर कीलच्या कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने टाकले. पोटात कार्बन डायऑक्साइड मोजून-मापून भरणारे यंत्र त्यांनी तयार केले आणि १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले. त्यांची चेष्टा झाली, मेंदूची तपासणी करून घ्या असेही सहकाऱ्यांनी सुचवल्याचे सांगतात. १२ सप्टेंबर १९८५ रोजी ब्योब्लिंगेनच्या एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. त्यांनाही जर्मन सर्जनांच्या सभेत थंड प्रतिसाद मिळाला. त्याच संघटनेने १९९२ मध्ये त्यांचा गौरव केला. दरम्यान १९८७ मध्ये लिओँच्या फिलिप मूरे यांनी आणि मग पॅरिस-बोर्दोच्या सर्जनांनी हीच शस्त्रक्रिया केली, आणि दोन-तीन वर्षांत ती जगभर पसरली.

भारतात ती आली मुंबईतून. डॉ. तेहमतन उडवाडिया १९७० च्या दशकापासून जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पोटाची तपासणी करत होते. सीटी स्कॅन नसलेल्या काळात गरीब रोग्याच्या पोटात काय चालले आहे हे कळण्याचा तो स्वस्त आणि खात्रीचा मार्ग होता. १९९० मध्ये त्यांनी जे. जे. मध्येच भारतातली पहिली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. भारत सरकारने त्यांना आधी पद्मश्री आणि पुढे २०१७ मध्ये पद्मभूषण दिले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. सरकारी रुग्णालयातून सुरू झालेली ही विद्या आज इंदूरपासून बेळगावपर्यंत पोचली आहे.

उपचाराने यकृत मारले तेव्हा

आता दुसरा प्रवाह पाहू. लठ्ठपणा शस्त्रक्रियेने कमी करण्याचा पहिला मोठा प्रयोग जठरावर नव्हे, आतड्यावर झाला. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रेमेन, लिनर आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून वरचे टोक खालच्या टोकाला जोडण्याची कल्पना मांडली. पुढे जी पद्धत रूढ झाली तिच्यात वरचे सुमारे १४ इंच आणि शेवटचे ४ इंच एवढेच आतडे अन्नाच्या वाटेवर राहत असे. बाकीचे कित्येक फूट आतडे शरीरात होते, पण निकामी. माणूस खाई तेवढे खाई, पण अंगी लागत नसे. वजन झपाट्याने उतरे. १९६० आणि १९७० च्या दशकांत हजारो रोग्यांवर ही शस्त्रक्रिया झाली.

आणि मग बिले येऊ लागली. अतिसार, मूतखडे, सांधेदुखी, आणि सर्वांत वाईट म्हणजे यकृत निकामी होणे. काही रोगी त्यातच दगावले. बारीक होण्यासाठी टेबलावर चढलेला माणूस काळजाने मरत होता. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली, आणि ज्यांची झाली होती अशा अनेकांवर ती उलटवण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

दरम्यान आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट शोधली होती. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायका नंतर जाड होत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९६६ मध्ये त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी जठराचा वरचा छोटा कप्पा आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. आजच्या बायपासची ती आजी. यकृताला तिने पहिल्या शस्त्रक्रियेसारखा घात केला नाही. मात्र तिच्यामुळे सर्जनचे काम आतड्यावरून वर सरकले, थेट यकृताच्या छपराखाली.

मूठ नसलेला अवयव

हे दोन प्रवाह १९९० च्या दशकात एकत्र आले. ऑक्टोबर १९९३ मध्ये सॅन दिएगोजवळ विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून जठराचा बायपास सुरू केला. त्याच वर्षी सप्टेंबरात बेल्जियमच्या मितिकू बेलाशू यांनी जठराच्या वरच्या भागाभोवती घट्ट-सैल करता येणारा पट्टा दुर्बिणीतून बसवला. बेलाशू मूळचे इथिओपियाचे. लहानपणी गुरे राखणारा मुलगा युरोपात नामांकित सर्जन झाला. पुढे १९९९-२००० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये यांच्या गटाने फार जोखमीच्या रोग्यांसाठी मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून जठराची नळी करायला घेतली. तेवढ्यानेच बरेचसे काम होते असे दिसले, आणि आज ‘स्लीव्ह’ म्हणून तीच सर्वाधिक होते.

दुर्बिणीच्या सर्जनांसमोर इथे नवा पेच उभा राहिला. पित्ताशय काढताना यकृत उचलायची वेगळी सोय लागत नाही. पित्ताशय यकृताच्या पोटाशीच चिकटलेले असते. त्याचे टोक पकडून वर ढकलले की यकृताचा उजवा भाग आपोआप वर जातो. कढईला कान असावा तसे ते. डाव्या भागाला असा कान नाही. धरायला मूठ नाही, आणि पकडीने चिमटा घ्यावा तर ठिसूळ मांस फाटते. उघड्या शस्त्रक्रियेतला सहायकाचा हात आणि ओले फडके अर्ध्या सेंटीमीटरच्या भोकातून आत जात नाही. १९९१ मध्ये बेल्जियमच्या बर्नार्ड दालमान्य यांनी छातीत आम्ल येण्यावरची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा प्रश्न सर्जनांना भेडसावत होता. रोगी लठ्ठ असेल तर तो कितीतरी पटीने मोठा झाला.

पोलादी आकडा, दोरा आणि चुंबक

पहिली मदत गुरुत्वाकर्षणाची. टेबलाची डोक्याकडची बाजू उंच करायची, म्हणजे आतडी आणि चरबीचा पडदा खाली सरकतो. यकृत मात्र वरून बांधलेले असल्याने ते लोंबतेच. त्याला उचलावेच लागते.

सुरुवातीला पंख्यासारखी उघडणारी अवजारे आली. बंद स्थितीत नळीतून आत जायचे आणि आत गेल्यावर पाच बोटे पसरायची. हाताची नक्कलच ती. पण बोटांच्या फटीत यकृत चिमटण्याची भीती, आणि धरून उभा राहणारा माणूस पुन्हा लागतोच. मग आत गेल्यावर पीळ देऊन त्रिकोणी होणारी, सापासारखी लवचिक सळई आली.

सर्वांत टिकला तो साधा पोलादी आकडा. स्कॉटलंडमध्ये डंडी येथे आल्फ्रेड कुशिएरी यांच्याबरोबर काम केलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला स्थिरावलेले सर्जन लेस्ली नॅथन्सन यांचे नाव त्याला आहे. छातीच्या मधल्या हाडाखाली एक बारीक छेद घ्यायचा. नळी बसवायची नाही. वळणदार आकडा वळवत वळवत सरळ आत सरकवायचा, डाव्या भागाखाली नेऊन वर उचलायचा आणि बाहेरचे टोक टेबलाच्या चौकटीला पक्के करायचे. त्यात हलणारा भाग नाही, थकणारा हात नाही. जगभरच्या लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांत हाच आकडा सर्वाधिक ओळखीचा.

पण न थकणारा हात सैलही होत नाही. माणूस पट्टी धरतो तेव्हा नकळत मधून मधून दाब बदलतो. पोलादी आकडा तास-दीड तास एकाच जागी तितकाच दाब देतो. त्याखालच्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो. शस्त्रक्रियेनंतरच्या रक्ततपासणीत यकृताचे घटक वाढलेले दिसतात, ते बहुतेक वेळा काही दिवसांत पूर्ववत होतात. क्वचित मात्र यकृत फाटणे, रक्त गोठून सूज येणे, किंवा डाव्या भागाचा तुकडाच मरणे असे प्रकार झालेले आहेत. म्हणून जाणते सर्जन कामाच्या मध्येच आकडा थोडा सैल करतात आणि यकृताला श्वास घेऊ देतात.

यातूनच मऊ उपाय निघाले. श्वासपटलाजवळच्या स्नायूतून दोरा ओवायचा, त्याची दोन्ही टोके पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून ताणायची, की यकृताखाली झोळी तयार होते. दोरा काचू नये म्हणून त्यावर रबरी नळीचा तुकडा चढवायचा. जपान-कोरियात जठराच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांमध्ये ही पद्धत खूप वापरली गेली. बाळाची झोळी बांधणाऱ्या आजीला यातले तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. वजन सगळीकडे वाटले गेले की कुठेच रुतत नाही. शिवाय एक छेद वाचतो. अलीकडे चुंबकाचीही सोय झाली आहे. आत एक छोटी चुंबकी पकड यकृताच्या कडेला लावायची आणि पोटावर बाहेरून मोठे चुंबक धरायचे. हृदयात पेसमेकर असलेल्याला अर्थात हे चालत नाही.

यांतले सर्वांत चांगले कोणते, याचे एकच उत्तर नाही. यकृत फार मोठे असेल तर दोऱ्याची झोळी अपुरी पडते आणि पोलादच लागते. यकृत हलके असेल तर झोळीने भागते. म्हणजे निम्मे उत्तर सर्जनकडे आणि निम्मे रोग्याच्या यकृताकडे असते.

पंधरा दिवसांचे पथ्य

इथे रोग्याचा आणि त्याच्या घरच्यांचा हात लागतो. यकृत उचलण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ते आधीच हलके करणे. २००६ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ३२ लठ्ठ रोग्यांना बारा आठवडे अतिशय कमी उष्मांकाचा आहार दिला आणि यकृताची मापे घेतली. यकृताचा आकार सरासरी १८.७ टक्क्यांनी कमी झाला. महत्त्वाचे हे, की यातली सुमारे ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली. यकृत जादा साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते, आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. पिष्टमय खाणे थांबले की हा साठा आधी रिकामा होतो, पाणी जाते, चरबीही उतरू लागते. म्हणून डॉक्टर साधारण पंधरा दिवस दिवसाला ८०० ते १००० उष्मांकांचे, प्रथिने जास्त आणि भात-पोळी-साखर नगण्य असे पथ्य सांगतात.

आपल्याकडे या पथ्याचा घात बहुधा प्रेमाने होतो. ‘आता पुढे खाता यायचे नाही, तर दोन मोदक घे’, ‘प्रसादाला नाही म्हणू नये’, ‘एवढ्याशा पुरणाने काय होते’. बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पण दुर्बीण आत गेल्यावर यकृत सगळा पडदा झाकून बसले असेल, तर सर्जनला दिसत नाही, आकडा जोरात दाबावा लागतो, यकृत फाटते, पोट उघडावे लागते, किंवा शस्त्रक्रिया न करताच रोग्याला परत आणावे लागते. शस्त्रक्रियेची तारीख गणपतीनंतरची असेल तर उकडीच्या मोदकांचे ताट त्या एका माणसासमोरून दूर ठेवणे हीच त्या वर्षीची खरी सेवा. मधुमेही रोग्यांनी मात्र हे पथ्य स्वतःच्या मनाने सुरू करू नये. खाणे कमी होताच इन्सुलिन आणि गोळ्यांचे प्रमाण बदलावे लागते, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

आपल्याच घरातली गोष्ट

‘आमच्यात कुणी एवढे जाड नाही’ म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबीदार, असा आपला भारतीय देह. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत १९९१ पासून शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४०, किंवा आजार सोबत असतील तर ३५, ही मर्यादा होती. तर २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी ती ३७.५ आणि ३२.५ अशी सुचवली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी मर्यादा आणखी खाली आणल्या आहेत.

दारू न पिणाऱ्याचेही यकृत चरबीने सुजते, या आजाराला १९८० मध्ये मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी नाव दिले. ‘आमच्या घरात कुणी थेंबाला शिवत नाही, मग यकृताचा आजार कसा?’ हा प्रश्न आपल्याकडे आजही विचारला जातो. उत्तर ताटात आणि बैठ्या दिनक्रमात असते.

या इतिहासाने मात्र एक चांगले वळण घेतले आहे. १९५४ च्या पद्धतीने यकृताचा बळी घेतला होता. आजच्या शस्त्रक्रिया त्याला वाचवू लागल्या आहेत. फ्रान्समधील लिल येथे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चरबीमुळे यकृताला सूज आलेल्या रोग्यांपैकी ८५ टक्के जणांची ती सूज शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात नाहीशी झाली होती. तास-दीड तास जे आकड्यावर टांगले गेले, त्या काळजाचाच फायदा मोठा झाला.

तेव्हा घरात कुणाला हा सल्ला मिळाला असेल, तर डॉक्टरांना कोणती शस्त्रक्रिया आणि किती खर्च, याबरोबर आणखी दोन प्रश्न जरूर विचारावेत: सोनोग्राफीत यकृत कसे आहे, आणि पथ्य किती दिवसांचे आहे. मग घरातल्या सर्वांनी मिळून ते पथ्य सांभाळावे. शस्त्रक्रियागृहात यकृत उचलून धरायला पोलाद आहे, दोरा आहे, चुंबक आहे. त्याआधीचे पंधरा दिवस ते घरच्यांनीच उचलून धरायचे असते.